बत्तिसाव्या फेरीनंतर

१

"एकदा ती बसली, की मी सुटले."

हे वाक्य माझ्या कानांसाठी नव्हतं. सासूबाई डायनिंग रूममध्ये सासऱ्यांशी बोलत होत्या आणि मी पलीकडे स्वयंपाकघरात पातेलं घासत होते. मधल्या भिंतीत हॅच आहे, म्हणजे वाट्या-ताटल्या सरकवायची एक खिडकी. तिचं दार नीट लागत नाही, हे त्या दोघांना इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मला अकरा दिवसांत कळलं.

"बसेल का पण?" सासरे म्हणाले.

"बसेल. बोलत नाही फारशी. न बोलणारी माणसं चांगली मोजतात."

मला वाटलं, कुळाचार असणार. माझ्या मोठ्या बहिणीच्या पदरात सासरच्यांनी बोडण टाकलं, मावशीच्या पदरात चंपाषष्ठी. प्रत्येक घरात एखादी गोष्ट असते, जी सासू नव्या सुनेच्या ओंजळीत ठेवते आणि पाठ सरळ करते. देवस्थळ्यांकडे काय असेल ते असो, आपण सात आठवड्यांचे पाहुणे, असं म्हणून मी पातेलं पालथं घातलं.

सात आठवडे, कारण रवीला, माझ्या नवऱ्याला, ब्रॅकनेलच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी मिळाली होती. एक ऑगस्ट १९८८, सोमवार, हजर व्हायचं. आम्ही तिथे दोन खोल्यांचं घर भाड्याने ठरवलं होतं. मी त्याच्या खिडक्या एकदाच पाहिल्या होत्या आणि पडद्यांचं माप वहीत लिहून ठेवलं होतं. सांगलीहून इतक्या लांब इंग्लंडला आले ती सासू-सासऱ्यांच्या मागच्या बागेतली गुलाबं बघायला नव्हे, एवढं मला नक्की माहीत होतं. बाकी कोणाला ते सांगायची वेळ आली नव्हती.

२

कुळाचार रविवारी दुपारी अडीचला निघाला.

सासऱ्यांनी मला मागच्या खोलीत बोलावलं. रिळांचा जुना टेपरेकॉर्डर, दोन आरामखुर्च्या आणि बागेत उघडणारं काचेचं दार. दाराशी एक घडीची कॅनव्हासची खुर्ची मांडलेली, बुटकी, लहान मुलाला बसवावं तशी. ती माझी.

"हे धर, अनु." त्यांनी एक फळी दिली. चिमट्यात कागद, कागदावर आखलेले चौकोन, कडेला एक ते चाळीस आकडे. "याला लॅपचार्ट म्हणतात. गाडी समोरून गेली, की त्या फेरीच्या घरात तिचा नंबर लिहायचा. दुसरी कामं काही नाहीत. बाकीच्या दहा गाड्या मी लिहितो. तू फक्त चौदा."

"गाडी कुठाय, बाबा?"

"टेपवर."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या कोट चढवत होत्या. "मैत्रिणीबरोबर गार्डन सेंटरला रोपं बघायला जाऊन येते," असं माझ्याकडे न बघता म्हणाल्या आणि गेल्यासुद्धा. एकतीस वर्षांत रविवारी दुपारी त्या पहिल्यांदा घराबाहेर पडत होत्या, हे मला नंतर कळलं.

चौदा नंबर म्हणजे लुसियां बार्दू. माझ्या नवऱ्याला कारलं चालतं की नाही हे कळायच्या आधी या फ्रेंच गृहस्थाचं अख्खं करिअर मला तोंडपाठ झालं. फ्रान्समधल्या एका आडगावच्या गॅरेजवाल्याचा मुलगा. युद्ध संपलं तेव्हा सव्वीस वर्षांचा. पेट्रोल रेशनवर असताना दोन मोडक्या गाड्यांची एक केली आणि सेहेचाळीस साली गावच्या रस्त्यांवरच्या शर्यतीत पाचवा आला. सत्तेचाळीसला टायर फुटला तरी तिसरा. एकोणपन्नासला पहिला विजय, बक्षिसात चषक आणि एक जिवंत डुक्कर. एक्कावन्नला एका कारखान्याच्या संघात निवड, बावन्नला तो संघच बुडाला. त्रेपन्नला मनगट मोडलं. मग स्वतःची निळी गाडी ट्रकवर चढवून, बायकोला शेजारी बसवून युरोपभर भटकंती.

"मोठा विजेता नव्हता," सासरे म्हणत. साठीच्या उंबऱ्याशी आलेला हा निवृत्त डॉक्टर हे वाक्य म्हणताना पोराबद्दल बोलावं तसा बोलायचा. "चौथा-पाचवा येणारा माणूस. पण शर्यत अर्धी सोडणं त्याच्या रक्तात नव्हतं."

त्या काळी ड्रायव्हरांच्या बायका पिटमध्ये, म्हणजे गाड्या थांबायच्या जागेत, घडीच्या खुर्चीवर बसून नवऱ्याच्या फेऱ्या लिहीत. सोलांज बार्दूही लिही. ऑगस्ट छप्पनमध्ये ब्रिस्टलपासून तासाभरावर, युद्धातल्या एका ओसाड धावपट्टीवर, चाळीस फेऱ्यांची शर्यत होती. सासरे तेव्हा हॉस्पिटलात ज्युनियर, ट्रॅकवरच्या डॉक्टरची ड्यूटी त्यांच्या गळ्यात पडली होती. बत्तीस वेळा चौदा नंबर समोरून गेला. तेहेतिसाव्यांदा गेला नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? संपलं करिअर," सासरे म्हणाले आणि टेप लावली.

कोणा हौशी माणसाने प्रेक्षकांतून केलेलं ते रेकॉर्डिंग होतं. अठ्ठेचाळीस मिनिटं, छत्तीस फेऱ्या, तिथे रीळ संपतं. गाड्या लांबून येतात, अंगावरून गेल्यासारख्या जातात, विरतात. चौदा ओळखायला सोपा होता. गिअर बदलताना ती गाडी एकदा खोकायची, घसा साफ करणाऱ्या माणसासारखी. मी बत्तीस वेळा चौदा लिहिलं. मग पुढच्या चार फेऱ्या नुसत्या बसून राहिले. रीळ संपलं. सासऱ्यांनी कागद काढला, तारीख घातली, फाइलला लावला आणि म्हणाले, "चहा टाक."

माझ्या लग्नानंतरचा हा पाचवा रविवार होता.

३

"तू आधी का नाही सांगितलंस?" मी रवीला विचारलं.

रवी इथेच जन्मला, इथेच वाढला. त्याचं मराठी चांगलं आहे, फक्त त्यात वस्तूंना स्वतःचं लिंग निवडायची मुभा असते. "सांगायला काय आहे? It's Dad's thing. मला तो खोली कधीच नाही आवडला. संडेला मी वरती असायचा, कॉमिक्स वाचत."

"तुझ्या आई एकतीस वर्षं दर रविवारी तेच लिहितायत."

"काही लोक चर्चला जातात," रवी म्हणाला. "सात वीक्स, अनु. Just humour them."

हे वाक्य मी त्या उन्हाळ्यात इतक्या वेळा ऐकलं, की त्याची एक वेगळी टेप करता आली असती.

पुढच्या रविवारी मी तेहेतीस वेळा चौदा लिहिलं.

लक्षात आलं ते लिहून झाल्यावर. तेहेतिसाव्या घरात माझ्याच अक्षरात, माझ्याच पेन्सिलीने. मी वर पाहिलं तर सासऱ्यांची पेन्सिल हवेत थांबली होती. बाकीच्या गाड्या जात होत्या आणि ते त्या लिहीत नव्हते.

"चुकलं माझं, बाबा. एखादी दोनदा लिहिली असेल."

"नाही," ते फार हळू म्हणाले. "मीही ऐकला."

संख्याशास्त्रात याला निरीक्षकाचा दोष म्हणतात. कंटाळलेला माणूस मोजताना एखादा आकडा पदरचा घालतो, आणि शेजारी बसलेला, आशा लावून बसलेला दुसरा माणूस त्याला दुजोरा देतो. मला हे शिकवलेलं होतं, परीक्षेत मी त्याची दोन उदाहरणंही दिली होती. बुधवारी सासरे लायब्ररीत गेले तेव्हा मी टेप एकटीने लावली, दोनदा. बत्तीस. दोन्ही वेळा बत्तीस.

मला बरं वाटलं. शनिवारपर्यंत बरंच वाटत होतं.

रविवारी चौतीस.

४

जिन्याखालच्या कपाटात फाइली होत्या. मी हूवर, म्हणजे धूळ ओढायचं यंत्र, काढायला गेले आणि हूवर तिथेच ठेवून फाइली काढल्या. वर्षाला एक, पाठीवर साल. आत सासूबाईंचं अक्षर. सत्तावन्न साली गोल, शाळकरी, रेघेवर नीट बसलेलं. रवीच्या जन्माच्या वर्षी वाकडं आणि घाईचं. सत्तरीत काटेकोर. ऐंशीनंतर थोडं कापरं. अक्षर म्हातारं होत गेलं होतं आणि मजकूर तोच होता. बत्तीस घरं भरलेली, आठ रिकामी. हजारावर कागद, आणि एकावरही तेहेतीस नव्हतं.

सगळ्यांत खाली एक पिवळा पडलेला कागद वेगळा होता. त्यावरचे इंग्रजी आकडे, कडेचे हाताने घातलेले फेऱ्यांचे आकडेसुद्धा, परक्या वळणाचे होते. एकाला लांबलचक शेंडी, साताच्या कमरेला आडवी रेघ. तोही बत्तीसला थांबला होता. पुढच्या आठ घरांत पेन्सिल टेकवून उचलल्याचे बारीक ठिपके होते, प्रत्येक घरात एक.

मी फाइली जागच्या जागी ठेवल्या. हूवर केलं. जिन्याची प्रत्येक पायरी दोनदा केली.

जुलैच्या पहिल्या रविवारी पस्तीस, दुसऱ्या रविवारी छत्तीस. छत्तिसाव्या फेरीला मला वास आला. कोणीतरी एरंडेल तापवत होतं. माझ्या आजीने दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्हां पाच भावंडांना नाक दाबून एरंडेल पाजलेलं असल्यामुळे या एका बाबतीत मी जगात कोणाकडूनही फसणार नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले. शेगडी बंद होती. परत आले तर सासरे डोळे मिटून बसलेले.

"बाबा, एरंडेलाचा वास येतोय?"

"रेसिंगच्या गाड्यांत तेच तेल घालत," ते डोळे न उघडता म्हणाले. "तुला येतोय ना? वैजूला, तुझ्या सासूला, कधी आला नाही. तिला गुण नव्हता. तुझ्या हाताला तो येतोय, अनु."

सून म्हणून माझं या घरात पहिल्यांदा कौतुक झालं, ते हे असं.

५

सतरा जुलै. मी पेन्सिलीला मुद्दाम टोक केलं, पंखा लावला, दार सताड उघडलं. जे काही माझं मन करत होतं ते त्याला उजेडात, वाऱ्यावर करू द्यावं, असा हिशेब.

छत्तीस लिहिलं. रीळ संपलं. टेपचं मोकळं शेपूट चाकाबरोबर फिरत फटफट वाजू लागलं. मी मोठा श्वास घेतला. छत्तिसाच्या पुढे टेपच नाही, तेव्हा आता माझ्या मनालाही थांबणं भाग होतं. सासरे मात्र यंत्र बंद करायला उठले नाहीत. मान किंचित वाकडी करून बसून राहिले, स्टेथोस्कोप लावल्यासारखे.

फटफट. फटफट. मग त्याच्याखालून ती लांबून आली, वाढली, खोकली आणि गेली. एकटीच. तिच्या पुढे-मागे दुसरी गाडी नव्हती.

मी लिहिलं. ऐकलं की लिहायचं, हात आता मला विचारत नव्हता. लिहिल्यावर कागदाकडे पाहिलं. शेजारच्या कोपऱ्यात मी इंग्रजी आकड्यांत तारीख घातली होती, १७-७. दोन्ही साताच्या कमरेला आडवी रेघ होती.

मी आयुष्यात तसा सात काढलेला नाही. सांगलीत तसा काढला असता तर बाईंनी हातावर पट्टी मारली असती.

"रवी," मी त्या संध्याकाळी म्हटलं, "टेप संपल्यावरही ती गाडी आली."

"मागे लेन आहे ना. कुणीतरी मोटरबाइक..."

"मागच्या लेनमध्ये दुधवाल्याची गाडीसुद्धा शिरत नाही, तूच सांगितलंस."

रवी मोजे जुळवत होता, ब्रॅकनेलसाठी. काळा मोजा निळ्याशी जुळवत होता. "दोन वीक्स राहिले फक्त," तो म्हणाला. "प्लीज."

मी त्याच्या हातातून मोजे घेतले आणि नीट जुळवले. चिडून काही करता येत नसलं की मी नीटनेटकी होते, हा माझा जुना दोष.

६

सासूबाईंना मी सरळच विचारलं. त्या गार्डन सेंटरमधून आणलेले बेगोनिया कुंडीत लावत होत्या. सहा रविवारांत त्यांनी अकरा कुंड्या आणल्या होत्या. अंगावर मूठभर मांस चढलं होतं, गाणंही म्हणायला लागल्या होत्या.

"आई, त्या दिवशी काय झालं होतं?"

त्यांनी मातीत बोट खुपसून बघितलं, ओली आहे का. "मला काय माहीत? मी आले सत्तावन्नच्या मार्चमध्ये. तिसऱ्या रविवारी बसवलं मला."

"नाही म्हणाला नाहीत?"

"कोणाला म्हणणार? बाहेर बर्फ, घरात हे." त्या थोड्या हसल्या. मग हसू पुसलं गेलं. "यांनीच बघितलं होतं त्याला. ट्रॅकच्या पार पलीकडे, पेंढ्यांच्या ढिगामागे. अंगावर ओरखडा नाही म्हणे. यांनी नाडी बघितली. नव्हती. मग हे चालत पिटमध्ये आले, बायकोला सांगायला. ती खुर्चीवर बसलेली, फळी मांडीवर. यांच्याकडे बघून म्हणाली, उशीर झाला त्याला. पंचविशीतला मुलगा, परका देश, कोट दुसऱ्याचा. यांच्या तोंडून शब्द फुटेना. म्हणाले, येईल. तुम्ही मोजत राहा."

"आणि ती मोजत राहिली?"

"शर्यत संपली, माणसं गेली, तरी. मग तिने फळी यांच्या हातात दिली. एक मिनिट धरा, म्हणाली. आणि गेली."

"कुठे?"

"ते आम्हाला कळलं असतं, तर तिची तिला परत नसती का दिली फळी?"

कुंडीतल्या रोपाभोवती त्या माती दाबत राहिल्या, गरजेपेक्षा जास्त. मी म्हटलं, "आई, चाळीस झाल्यावर काय होणार?"

"शर्यत संपल्यावर गाडी पिटमध्ये येते," सासूबाई म्हणाल्या. "बायको जिथे बसलेली असते तिथे." आणि मग पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "मला तू वाईट समजू नकोस. मी विशीची होते, चाळिशीची झाले, पन्नाशीची झाले त्या खुर्चीत. मला एकदा रविवारी बाहेर जायचं होतं, इतकंच."

मला त्यांचा राग आला आणि राग येतोय याचाही राग आला. त्या खोटं बोलत नव्हत्या.

७

चोवीस जुलैला छत्तिसावी फेरी झाल्याबरोबर मी उठले आणि टेपरेकॉर्डरचा प्लग भिंतीतून उपटून हातात धरून बसले. रिळं थांबली. खोलीत एक माशी होती, तिचा आवाज येत होता.

सदतिसावी बागेच्या टोकाकडून गेली. अडतिसावी बागेच्या मागच्या फाटकापलीकडच्या गल्लीतून. गुलाबाच्या फांद्या एकाच बाजूला वाकल्या आणि सावकाश सरळ झाल्या. प्लगच्या तीन पितळी दांड्या माझ्या तळहातात रुतल्या होत्या, त्यांचे ठसे मंगळवारपर्यंत राहिले.

त्या रात्रीच्या जेवणात सासऱ्यांनी आमटी वाढून घेता घेता विषय काढला. "रवी, तू एक तारखेला हो पुढे. अनुला राहू दे इथे थोडे दिवस."

"थोडे म्हणजे?" मी विचारलं.

"घर लागेपर्यंत. तो शनिवारी येत जाईल. रविवारी तू असलीस की बरं."

"चाळीसला दोनच राहिलेत, बाबा. मग तर झालं ना?"

सासऱ्यांनी भात कालवला. "तो आला, की त्याला ती दिसली पाहिजे," ते म्हणाले. "दिसत राहिली पाहिजे. नाहीतर तो विचारेल."

मी रवीकडे पाहिलं. त्याने पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला, परत उचलला. "We could do that," तो म्हणाला. "For a bit. Weekends मी येईनच."

वहीतली पडद्यांची मापं मला आठवली. चार फूट दोन इंच, दोन खिडक्या. आणि कळलं, की इथे राहिले तर ती मापं वहीतच राहतील, माझं अक्षर त्या फाइलींमध्ये म्हातारं होईल, आणि घरातला प्रत्येक जण माझ्याशी अत्यंत प्रेमाने वागेल.

मी काही बोलले नाही. ताटं उचलली. माझं गप्प राहणं या घरात होकार म्हणून जमेला धरतात, हे ताटं विसळताना ध्यानात आलं.

८

एकतीस जुलै. रवीची गाडी पुढच्या दाराशी उभी, त्याच्या बॅगा आत. माझी बॅग मी पहाटेच त्याच्या बॅगांखाली सरकवली होती. कोणी पाहिलं नव्हतं. कोणी बघतही नव्हतं.

"आजचा एक बसून घे," सासरे म्हणाले. त्यांनी टाय बांधला होता.

मी बसले. कारण न बसण्यासाठी बोलावं लागलं असतं. सासूबाई आज कुठे गेल्या नव्हत्या, आरामखुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. टेप लावायची कोणी तसदी घेतली नाही.

पहिल्यापासून सगळ्या फेऱ्या गल्लीतून गेल्या. फक्त चौदा. मी लिहीत होते. ऊन होतं, शेजारच्या घरात कोणीतरी लॉन कापत होतं आणि तो आवाज अगदी नेहमीसारखा होता, त्याने जास्त त्रास होत होता. एकोणचाळीस लिहिलं तेव्हा लॉन कापणं थांबलं.

चाळिसावी पुढच्या रविवारची, असं मी धरून चालले होते. आठवड्याला एक, हा क्रम इतके दिवस पाळला गेला होता. पण आवाज विरला नाही. लांब गेला, वळला, परत येऊ लागला. गिअर एकेक करून उतरले आणि प्रत्येक वेळी तो खोकला. फाटकाच्या मागे येऊन गाडी थांबली. इंजीन चालूच होतं, अडखळत. एरंडेलाचा वास इतका दाट झाला की सासूबाईंनी पदर नाकाला लावला. म्हणजे आता त्यांनाही येत होता.

फाटक लाकडी आहे, उंच. खालून वीतभर फट. त्या फटीतून मला तारांच्या आऱ्यांचं एक अरुंद चाक दिसलं, त्यावर वाळलेल्या गवताच्या काड्या. इंजीन बंद झालं. चाकाशेजारी एक पाऊल उतरलं, पातळ तळाचा कॅनव्हासचा बूट, मग दुसरं. दोन्ही बुटांची टोकं फाटकाकडे वळली. तिथेच उभी राहिली, जशी दार कोणी उघडेल म्हणून माणसं उभी राहतात. उन्हात त्या चाकाची सावली पडली होती. पावलांची पडली नव्हती.

रवी किल्ल्या वाजवत आत आला. "अनु, मी निघतो..." आणि थांबला. त्याने माझ्या खांद्यावरून बागेकडे पाहिलं. त्याचा चेहरा नऊ वर्षांच्या मुलाचा झाला, कॉमिक्स मांडीवर घेऊन वर बसलेल्या. तेव्हाही त्याला ऐकू येत असणार.

"रवी, हे बघतोयस ना तू?"

"बसून राहा," तो कुजबुजला. "Please, अनु. Just finish it."

"चाळीस लिही," सासरे म्हणाले. "आणि हलू नकोस. तो काचेतून बघेल. खुर्चीत कोणी आहे एवढंच बघेल. मग काही विचारणार नाही."

सासूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

फाटकाचा खटका वर उचलला गेला, अगदी सावकाश, सवय असलेल्या हाताने. मी पेन्सिल चाळिसाव्या घरावर टेकवली होती. टेकवलेल्या जागी एक बारीक ठिपका उमटला होता. मी पेन्सिल उचलली, फळी सासऱ्यांच्या मांडीवर ठेवली आणि उभी राहिले. आवाज माझाच होता, आणि त्या खोलीत तो इतका मोठा कधी निघाला नव्हता.

मी म्हटलं, "मी त्याची बायको नाही. रवी, किल्ली दे आणि चल. आणि बाबा, नाडी तुम्ही बघितली होती. फाटकापर्यंत जा आणि त्याला सांगा."